रिकामा खण

भिंतीच्या आत काहीतरी सरकलं. कुणी मूठभर साखर कागदावर हळूच ओतावी, एवढाच आवाज. मग पुन्हा सगळं शांत झालं.

रीक्का मुलीचा पलंग भिंतीपासून ओढत होती, ती तशीच वाकून थांबली. बाहेरचं ड्रिल बंद होऊन पाचएक मिनिटं झाली होती. भिंतीत भोकं पाडणारी माणसं कॉफीला उतरली असतील, असं तिला वाटलं. तिने भिंतीला कान लावून पाहिला. भिंत इतकी गार होती की कान भाजल्यासारखा झाला. आत आता काहीच हलत नव्हतं.

आवाज तिच्या ओळखीचा होता. हिवाळाभर तो अधूनमधून यायचा, विशेषतः तिल्दा खोलीत एकटी खेळत असली की. उंदीर असेल म्हणून रीक्काने कोपऱ्यात चीजचा तुकडा लावून सापळा ठेवला होता. चीज वाळून दगड झालं, पण उंदीर काही आला नाही.

ही उत्तरेकडची खोली घरातली सगळ्यात थंड. जानेवारीत एका सकाळी तिल्दा अंथरुणातून उठायला गेली आणि ओरडली. तिची वेणी भिंतीला चिकटली होती. रात्रभर पोरीच्या श्वासाची वाफ भिंतीवर साचून गोठली होती आणि त्या बर्फात केस अडकले होते. रीक्काने कोमट पाण्याची पट्टी लावून एकेक बट सोडवली. आपला श्वास भिंतीवर जाऊन बसतो, ही गोष्ट पाच वर्षांच्या तिल्दाला फार आवडली. बालवाडीत तिने ती सगळ्यांना सांगितली. रीक्काला मात्र त्या दिवसापासून झोप लागेना. नवरा, यार्मो, खाणीवर दोन आठवडे असायचा आणि दोन आठवडे घरी. तो घरी आला त्याच संध्याकाळी दोघांनी थंडी अडवायला भिंती भरून घ्यायचा अर्ज केला.

सासूबाईंना हे पटलं नव्हतं. त्यांना घरात सगळे मुम्मू म्हणायचे. तिल्दाची आजी म्हणून मुम्मू, आणि तिल्दामुळे इतरांचीही. या घरात त्या सून म्हणून आल्या त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. "माणसाने पायात लोकरीचे मोजे घालावेत," त्या म्हणाल्या होत्या. "भिंतींना कशाला घालायचे?"

भिंती भरणाऱ्या टोळीची मुकादम डार्लीन नावाची बाई होती, पंचावन्नच्या पुढची, घसा बसलेली. तिने पहिल्याच दिवशी मुम्मूंना उत्तर दिलं होतं की मोजे घातलेली भिंत सरपण कमी खाते. काम तिने समजावून सांगितलं. बाहेरच्या फळ्यांची एक ओळ काढायची, भिंतीतल्या दोन उभ्या खांबांमधल्या प्रत्येक खणाला एक भोक पाडायचं, नळी आत घालून जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा ठासून भरायचा, वरून लाकडी बूच मारायचं. दक्षिणेची आणि पूर्वेची भिंत काल झाली होती. दोन्ही पोकळ निघाल्या. "तुझ्या भिंती माझ्या नवऱ्यासारख्या आहेत गं पोरी," डार्लीन म्हणाली होती, "कितीही घाला, आत जागा असतेच."

आज खिडकीबाहेरून तिची हाक आली तेव्हा तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

रीक्का बूट चढवून घरामागे गेली. मार्च संपत आला तरी थंडी उणे चौदाची होती. डार्लीनने तोंडावर जाड मुखवटा बांधला होता आणि तिची दोन्ही माणसं पार कुंपणापाशी जाऊन उभी होती. काढलेल्या फळ्यांच्या खाली, भोकाच्या बरोबर खाली, बर्फावर छोटासा ढीग पडला होता. सोनेरी तपकिरी दाणे, अभ्रकासारखे पदर असलेले. उन्हात चमकत होते. सुंदर दिसत होते.

"तिथेच थांब," डार्लीन म्हणाली. "पोरगी कुठे आहे?"

"स्वयंपाकघरात. आजीजवळ."

"त्या खोलीत नाही ना?"

"नाही."

डार्लीनने मान हलवली. मग दाण्यांवर एक ओला कपडा टाकला. "हे कुणी भरलं होतं?"

रीक्काला माहीत नव्हतं. भरलंच असेल तर सासऱ्यांनी, एइनोंनी. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. भिंतीत काही आहे असं घरात कधी कुणी बोललंच नव्हतं. अर्जात तसा प्रश्न होता, त्यापुढे यार्मोने 'काही नाही' असं लिहिलं होतं.

डार्लीन हळूहळू बोलली, समोरचा माणूस बर्फावरून घसरू नये म्हणून हात धरावा तशी. हे दाणे त्या काळी पुष्कळांनी भरले. माळ्यावरून गोणी उपडी केली की झालं, काम सोपं. त्यातल्या काही मालात अॅस्बेस्टॉस मिसळलेलं होतं, मालाबरोबर खाणीतूनच आलेलं, श्वासातून फुफ्फुसात जाऊन रुतून बसणारं. काहींत नव्हतं. डोळ्यांनी कळत नाही. नमुना ती थंडर बे शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवणार होती, आठवडा लागला असता. तोवर त्यात ते आहे असंच धरून चालायचं. खोली बंद, दाराच्या फटींना टेप. झाडायचं नाही आणि व्हॅक्यूम तर अजिबात फिरवायचा नाही, कारण त्यातून ते बारीक होऊन घरभर उडतं. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

दर शनिवारी सकाळी रीक्का घरभर व्हॅक्यूम फिरवायची. पलंगाखाली सुद्धा, नेटाने. मशीनच्या पिशवीत तिला कितीदा चमचम दिसली होती. तिल्दाच्या चित्रकलेच्या सामानातली चमकी असेल म्हणून तिने ती कचऱ्यात झटकली होती. तोंडासमोर धूळ उडाली होती. ती शिंकली होती.

"अजून एक आहे," डार्लीन म्हणाली. "या भिंतीतले बाकीचे खण मी तार घालून तपासले. दाणे खाली बसलेत, तरी माझ्या छातीपर्यंत आहेत. एकच खण रिकामा आहे. तार तळाला टेकली, एक दाणाही लागला नाही. बर्फ त्याच खणावर धरत असणार."

"कुठला?"

"आतून बघितलंस तर प्लगच्या डावीकडचा. पलंग आहे ना तुझ्या पोरीचा, त्याच्या उशाशी." तिने हातातली तार गुंडाळली. "खणभर माल गेला कुठे, विचारते मी. आतमध्ये कधी काही सांडलेलं दिसलं का?"

"नाही," रीक्का म्हणाली. विचार करायच्या आत तोंडातून तेच आलं.

स्वयंपाकघरात ऊब होती आणि वेलदोड्याचा वास. मुम्मू पुल्लाची कणीक तिंबत होत्या. शनिवारची ही गोड पावाची वेणी चुकत नसे. खिडकीत टोमॅटोच्या रोपांचे ट्रे मांडलेले होते, दोन-दोन पानांची चाळीस रोपं. इथे उन्हाळा इतका आखूड की रोपं घरात वाढवली नाहीत तर टोमॅटो लाल होईस्तोवर पुन्हा बर्फ पडायचा. बी एइनोंचं होतं. ते दर वर्षी सगळ्यात आधी पिकलेल्या फळाचं बी धरून ठेवायचे. आता मुम्मू धरायच्या. तिल्दा खुर्चीवर गुडघे टेकून चमच्याने मातीत काहीतरी कालवत होती.

रीक्का तिच्या शेजारी बसली. आवाज तिने मुद्दाम सहज ठेवला.

"काय घालतेस गं मातीत?"

"सोनं," तिल्दा म्हणाली. तिने जॅमची बरणी पुढे सरकवली. अर्धी भरली होती.

बरणीचं झाकण उघडं होतं.

"तुला दाखवायचं होतं पण मुम्मू म्हणाली रोपं मोठी झाली की दाखवू. बघ ना, पाऊस पाडते." तिने चिमूटभर दाणे तळहातावर घेतले आणि गाल फुगवले.

रीक्काने तिच्या तोंडावर हात ठेवला. जोराने नाही, पण इतक्या पटकन की तिल्दाचे डोळे मोठे झाले. हाताला पोरीचा कोंडलेला श्वास लागत होता, गरम.

"फुंकायचं नाही, राणी. आधी किती वेळा फुंकलंस?"

तिल्दाने बोटं मोजायला घेतली. दोन्ही हात संपले तेव्हा तिने आईकडे पाहिलं आणि हात मागे लपवले.

"अगं, तिला कशाला घाबरवतेस," मुम्मू म्हणाल्या. "एइनोचाच माल आहे तो. लग्नाच्या वर्षी भरला होता त्याने त्या भिंतीत, चौदा गोण्या. मी खालून देत होते, तो माळ्यावरून ओतत होता. त्यातली उरलेली एक गोणी मी वाफ्यांत वापरली, मुळांना हवा मिळते त्याने. बागवाले विकतात की हेच. पोरीला फटीतून सापडले म्हणून म्हटलं वाया का जाऊ द्या."

रीक्काने बरणीला झाकण लावलं. आटे तिसऱ्या खेपेला बसले. मग तिने जे ऐकलं होतं ते तसंच सांगितलं, चार वाक्यांत. शेवटच्या वाक्यात तो एक शब्द होता. मुम्मूंनी तो ऐकला आणि कणकेतले हात काढले नाहीत. तशाच उभ्या राहिल्या, मनगटापर्यंत पिठात.

"अजून नक्की नाही," रीक्का म्हणाली. "नसेलही."

"डॉक्टरांनी विचारलं होतं," मुम्मू म्हणाल्या.

"कोणत्या डॉक्टरांनी?"

"एइनोच्या. फुफ्फुसाचे फोटो बघून. कामावर किंवा घरी कधी अॅस्बेस्टॉस हाताळलंय का म्हणून. त्याला बोलायला दम नव्हता, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, तीस वर्षं धान्याच्या कोठारात काढली त्याने, गव्हाची धूळ खाल्ली, दुसरं काय हाताळणार." त्यांनी हात वर काढले आणि बोटांना चिकटलेली कणीक बघत राहिल्या. "मी अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं."

त्यांनी हात धुतले. बराच वेळ, नखांच्या आतपर्यंत. मग नळ बंद करून खिडकीतला पहिला ट्रे उचलला. रीक्काला वाटलं त्या तो बाजूला ठेवतायत. मुम्मूंनी ढोपराने मागचं दार उघडलं, ट्रे बाहेर बर्फावर नेऊन ठेवला आणि परत आल्या. दुसरा नेला. तिल्दा रडकुंडीला आली. रोपं मरतील, म्हणत राहिली. मुम्मूंनी तिसरा ट्रे उचलला. चौथा ट्रे बाहेर गेला तोवर पहिल्यातली पानं काळी पडून माना टाकायला लागली होती.

डार्लीन आणि तिच्या माणसांनी भोकं बुजवली, फळ्या परत ठोकल्या, बर्फावरचा ढीग बर्फासकट खरवडून दोन पिशव्यांत बांधला. जाताना तिने घरात येऊन खोलीचं दार स्वतः टेपने बंद केलं, खालून वरपर्यंत, आणि रीक्काच्या खांद्यावर हात ठेवला. माझं बालपण अशाच घरात गेलं, आणि बघ, मी अजून बडबडतेय, असं म्हणाली. पण मुखवटा तिने गाडीत बसेपर्यंत काढला नाही.

पाच वाजता यार्मोचा फोन आला. रोज याच वेळेला यायचा. रीक्का मागच्या पायरीवर जाऊन बोलली. ती सांगत होती आणि तिकडून काहीच येत नव्हतं, मध्येच फोन तुटला की काय असं वाटून ती दोनदा थांबली. उत्तरेच्या भिंतीतले सगळे खण भरलेत आणि एकच रिकामा आहे, इथवर ती आली.

"प्लगच्या डावीकडचा," यार्मो म्हणाला.

तिने त्याला कुठला ते सांगितलंच नव्हतं.

"तुला कसं माहीत?"

"तो माझाच पलंग होता ना. जमिनीलगतच्या तळपट्टीत फट आहे एक. आईची विणायची सुई घालून टोचलं की ते धो धो यायचं. बाबांच्या तंबाखूच्या डब्या भरून ठेवल्या होत्या मी. बाबांना कळलं तेव्हा हसले नुसते. वरचं खाली यायचं आणि पुन्हा टोचायचं. जवळजवळ सगळा खण मीच संपवला असेल, रीक्का."

"अर्जात तू लिहिलंस काही नाही म्हणून."

"मला वाटलं, तेवढ्याच खणात होतं, आणि ते मी काढलंय, चार दाणे उरले असतील." आणि मग, आवाज एकदम खाली नेत, "आणि ख्रिसमसला तिला ती फट मीच दाखवली."

पायरीसमोर ट्रे ओळीने ठेवलेले होते. रीक्का त्यांच्याकडे बघत राहिली. तिल्दा खोकते का, असं त्याने विचारलं. नाही, ती म्हणाली. तू, त्याने विचारलं. नाही. तिला त्याला तेच विचारायचं होतं. हिवाळ्यात घरी असताना तो सकाळी उठल्यावर न्हाणीत किती वेळ खाकरत उभा असायचा, ते तिला आठवत होतं. तिने विचारलं नाही. लवकर ये, एवढंच म्हणाली.

आठवडाभर घरात राहायचं नाही, हे मुम्मूंनी ठरवलं. परसाच्या टोकाला त्यांची सौना होती, ओंडक्यांची, घराच्याही आधी बांधलेली. एइनोंच्या लोकांत घर नंतर उभं राहतं. आधी सौना बांधतात आणि तिच्यातच राहतात. एइनो तिच्याच बाकावर जन्मले होते. मागच्या खोलीत तापलेले दगड आणि वाफ, पुढच्या खोलीत कपडे बदलायला दोन बाकं आणि एक वीतभर खिडकी. मुम्मूंनी दुपारीच आत लाकडं पेटवली होती. पांघरुणं त्यांनी घरातली आणली नाहीत, शेजारच्या शेतावरून मागून आणली.

"या भिंतीत काही नाही," त्या म्हणाल्या आणि ओंडक्यांमधल्या फटीवरून अंगठा फिरवला. "लाकूड आणि शेवाळ. जुनं काढून मी माझ्या हाताने ठासलंय." मग अंगठा तसाच तिथे राहिला. हेही आपण इतक्या छातीठोकपणे का सांगतोय, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर आलं, आणि त्या सरपण आणायला बाहेर गेल्या.

रीक्काने तिल्दाचे केस तीनदा धुतले. कानामागे, नाकात, बोटांच्या बेचक्यांत साबण घातला. तिल्दा एरवी वैतागली असती, आज गप्प होती. सगळे कपडे पिशवीत बांधून बाहेर ठेवले होते, त्यात तिचा लोकरी ससाही गेला होता, आणि त्याबद्दलही ती बोलली नव्हती. वाफेत रीक्काने तिला मांडीवर घेतलं आणि पाठीला कान लावला, सकाळी भिंतीला लावला होता तसा. आत हवा येत होती, जात होती. स्वच्छ. मध्ये कुठे सरकल्यासारखं काही नव्हतं. तरी तिने कान काढला नाही.

"काय ऐकतेस?" तिल्दाने विचारलं.

"तुला."

पुढच्या खोलीत येऊन तिने पोरीला टॉवेलात गुंडाळलं आणि बाकावर आपल्या पुढ्यात बसवून केस विंचरायला घेतले. बाहेर अजून उजेड होता. मुम्मू जमिनीवर अंथरुणं घालत होत्या, चादरीच्या कडा पुन्हा पुन्हा दुमडत होत्या. तिल्दाने खिडकीशी तोंड नेऊन काचेवर हाऽ केलं. काच धुरकट झाली. तिने बोटाने त्यात एक ठिपका काढला, मग दुसरा, मग पुष्कळ.

"आई, माझी वेणी चिकटली होती तेव्हा भिंतीवर माझाच श्वास होता ना?"

"हो, तुझाच."

"तो माझ्या आत होता, मग बाहेर आला."

"हो."

तिल्दाने काचेवरचे ठिपके पुसले आणि पुन्हा हाऽ केलं, या वेळी खूप लांब, शेवटपर्यंत, खांदे खाली येईस्तोवर. मग काचेच्या अगदी जवळ डोळा नेऊन तिने त्या धुक्यात काहीतरी शोधलं. सापडलं नाही. तिने पुन्हा केलं. मुम्मूंचे हात चादरीवर थांबले होते.

"मला चमकणारं काहीच दिसत नाही," ती म्हणाली आणि मागे वळली. ओल्या केसांत अडकलेल्या फणीसकट वळली, कारण रीक्काचा हात तिथेच राहिला होता. "आई, आत गेलेलं सगळंच बाहेर येतं ना?"